कॉम्प्रेसरचा नॉब कोण फिरवतं?

वजनमापं तपासायची सरकारी नोकरी चोवीस वर्षं केली की माणसाचा स्वभाव कसा होतो, हे बघायचं असेल तर काटेसाहेबांना बघावं. आडनाव वेगळंच होतं. पण बाजारात त्यांना लांबून पाहिलं की दुकानदार एकमेकांना “काटेसाहेब आले” असं सांगत, आणि हळूहळू सगळ्यांच्याच तोंडी तेच नाव बसलं. भाजीवाल्याचा तराजू असो की सोनाराचा, साहेब आधी पारड्याखाली हात घालत. तिथे मेण, चुंबक, चिकटवलेलं नाणं, काय काय सापडलं होतं त्यांना. त्यामुळे वरून सरळ दिसणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास सगळ्यात कमी.

अशा माणसाला नाद होता इलेक्ट्रिक गिटारचा. चौघांचा बँड होता. गाणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. ड्रमवर बसणारा दातांच्या कवळ्या बनवायचा. बेस गिटार वाजवायचा तो साहेबांच्या बायकोचा थोरला भाऊ. लाकडाच्या वखारीत करवतीवर तीस वर्षं काढलेला, साठीला आलेला, आडदांड आणि अबोल. बायको त्याला दादा म्हणायची म्हणून साहेबही दादाच म्हणत. दादा त्यांना थट्टेनं जावईबापू म्हणायचा. दर बुधवारी संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत सराव आणि रविवारी दुपारी तळ्याकाठच्या हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर दोन तास वादन, असा सहा वर्षांचा शिरस्ता.

एका बुधवारी बाईंनी तोंड उघडलं. “साहेब, राग मानू नका. तुम्ही हळू वाजवता तेव्हा लोकांच्या चमच्यांचा आवाज जास्त येतो. आणि जोरात वाजवता तेव्हा त्यांच्या हातातले चमचे पडतात.”

कवळीवाला खो खो हसला. दादा मात्र हसला नाही. साहेबांनी ते मनात टिपून ठेवलं.

अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे उपाय तयार होता. त्यानं मुठीएवढी निळी पत्र्याची डबी पुढे केली. “कॉम्प्रेसर. पायानं दाबायचा. जोरात मारलेला सूर हा थोडा दाबतो, हळू वाजवलेला वर उचलतो. तार जास्त वेळ गुणगुणत राहते.”

“म्हणजे अकराशे ग्रॅम ठेवले तरी किलो दाखवणार, आणि नऊशे ठेवले तरी किलोच?”

“साहेब, हा तराजू नाही हो!”

“खोटं माप आहे हे,” साहेब म्हणाले. तरी पंधरा दिवस वापरून बघायला घेऊन आले.

डबीवर तीन नॉब होते. किती दाबायचं तो डावीकडचा. तो साहेबांनी घड्याळात नऊ वाजल्यासारखा ठेवला, म्हणजे चवीपुरताच. गिटारची वायर आधी ह्या डबीत आणि तिथून अँप्लिफायरला. वाजवून पाहिलं आणि मनाविरुद्ध आवडलं. हलकं छेडलेली तारही आता खोलीच्या त्या टोकापर्यंत पोचत होती, आणि तरी बोटाचा जोर कमीजास्त केलेला कळत होता. साहेबांनी डबी ठेवून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात घोळ सुरू झाला. एका गाण्याच्या सुरुवातीला साहेब एकटेच चार ओळी वाजवायचे, अगदी हळू, जणू कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा बेतानं. त्या बुधवारी ते वाजवायला गेले तर सूर दांडगाईनं बाहेर आला. बोटं तारेवरून सरकताना होणारी करकर तेवढीच मोठी. वाजवायचं थांबवलं की अँप्लिफायरमधून नळ गळल्यासारखी सूं सूं. साहेब खाली वाकले. नॉब नऊवर नव्हता. दोनवर होता.

“कुणी हात लावला?”

बाई आणि कवळीवाला नाही म्हणाले. दादा तर बोललाच नाही; पाठमोरा बसून आपल्या तारा पुसत राहिला.

पुढच्या रविवारी तेच. त्यापुढच्या बुधवारीही तेच. साहेबांच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. बाईंना फायदा होता; गिटार सपाट झाली की त्यांचा गळा उठून दिसणार. कवळीवाल्याला खोड्या काढायची सवय होती. पण ह्या दोघांना विचारलं तर दोघं सरळ डोळ्यांत बघून चिडले. दादा चिडला नाही. मागून विचारलं तर उत्तर नाही, समोरून विचारलं तर तोंडाकडे टक लावून बघायचा आणि “असेल, असेल” म्हणायचा. तपासणीत पकडलेले दुकानदार असेच बोलतात, हे साहेबांना पाठ होतं. शिवाय अलीकडे वाजवताना दादा सारखा त्यांच्या बोटांवर नजर ठेवून असायचा. कशासाठी? चुका मोजायला? आपल्याला काढून दुसरा कुणी तरुण गिटारवाला आणायचा घाट तर नाही?

एका सकाळी बायकोनं आरशाजवळून हाक मारली. “अहो, माझं नेलपॉलिश कुठे गेलं?”

“पुरावा गोळा करायला लागत होतं.”

साहेबांनी नॉबवर आणि डबीवर समोरासमोर दोन बारीक लाल ठिपके दिले होते. नॉब केसभर हलला तरी कळावं म्हणून. बायकोनं ते पाहिलं आणि हसत कपाळाला हात लावला. “संशय कुणावर आहे?”

साहेब ठिपक्यांवर फुंकर घालू लागले. बायकोला तिच्याच भावाचं नाव कोण सांगणार? पण तिला कळलं. ती हसायची थांबली. “दादा तसला नाही,” एवढंच म्हणाली आणि नेलपॉलिशची बाटली उचलून निघून गेली. पुढचे दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

रविवारी मध्यंतरात साहेब हात धुवून येतो म्हणाले आणि वळसा घालून खांबामागे उभे राहिले. बाई चहा घेत होत्या, कवळीवाला फोनवर होता. दादानं बेस गिटार भिंतीला टेकवली, इकडेतिकडे पाहिलं, मग दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत कष्टानं खाली बसला. जाड बोटांनी निळ्या डबीचा नॉब फिरवला. तो जिथे थांबवला तिथे थोडा वेळ बघत बसला.

साहेब पाच पावलांत त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. “सापडलात!”

दादा हललाही नाही.

“दादा, मी बघितलंय. आता सोंग पुरे!”

आजूबाजूच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या. दादाची वळली नाही. साहेबांचं पित्त खवळलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तसा तो एवढा दचकला की तोल जाऊन फरशीवर कलंडला. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चोराचा भाव नव्हता. भीती होती.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. तिथे दोघं बसले.

“तुझं ते सुरुवातीचं हळू वाजवलेलं,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला, “मला ऐकूच येत नाही, जावईबापू. आधीपासूनच पुसट यायचं, दोन वर्षांत तर तेही गेलं. तुझी बोटं बघून मी बेस सुरू करायचो. ही डबी आली आणि थोडं ऐकू आलं. नॉब फिरवल्यावर कुठे सुरू करायचं ते कळायला लागलं.”

“सांगायचं नाही का मग!” साहेब त्याच्यासमोर वाकून म्हणाले.

“तू गप्प बसला असतास? तू बायकोला सांगणार, ती वखारीत जाऊन सांगणार. कानानं गेलेल्या माणसाला करवतीवर कोण उभं करतं? आणि इथे तरी कोण ठेवतं?”

हे ऐकून कुणाचंही मन विरघळलं असतं. साहेबांचंही विरघळलं, पण अर्धंच. दादा सुटायला बहाणा तर करत नाही? त्या संध्याकाळी त्यांनी दादाला टायरच्या दुकानावरच्या खोलीत नेलं, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्रेसर काढून गिटार थेट अँप्लिफायरला लावली.

“ऐकू आलं की हात वर करा,” हे त्यांनी आधीच समोर उभं राहून सांगितलं होतं.

सगळ्यात जाड तार छेडली. हात वर. दुसरी. हात वर. तिसरी, चौथी; हात जरा उशिरानं. पाचवी तार साहेबांनी हळू छेडली. हात मांडीवरच. सहावी, सगळ्यात बारीक. आधी हळू, मग जरा जोरात, मग आणखी जोरात. खिडकीची काच थरथरली, तेव्हा कुठे दादाचा हात कचरत वर आला.

“आली का?” दादानं विचारलं.

“आली,” साहेब म्हणाले. पाठमोऱ्या माणसाला ते कळलं नाही.

मग त्यांनी जे केलं त्याबद्दल दादानं त्यांना बरेच दिवस माफ केलं नाही. घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. हळू सूर ऐकू न येणं वेगळं आणि फिरत्या करवतीशेजारी कुणी “थांब” म्हणून ओरडलेलं ऐकू न येणं वेगळं. ह्यात डोळेझाक करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बायकोनं भावाला दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वखारीच्या मालकानं दादाला काढलं नाही; करवतीवरून हलवून अंगणात ओंडके मोजायला बसवलं. दादाला तो अपमान वाटला. दोन महिने तो सरावाला आला नाही आणि बहिणीच्या घराची पायरीही चढला नाही. बेसशिवाय बँड पोकळ वाजायचा. बाईंनी एकदा विचारलं, “दुसरा कुणी बघायचा का?” साहेब त्यांच्या अंगावर खेकसले. मग स्वतःच माफी मागितली.

शेवटी एका बुधवारी जिन्यावर जड पावलं वाजली. दादाच्या दोन्ही कानांत मक्याच्या दाण्याएवढी यंत्रं होती. त्यानं सरळ बेस खांद्याला लावली आणि मान हलवून “चला” म्हणाला. ड्रमच्या झांजेचा पहिला दणका बसला तसा तो कळवळला. कवळीवाल्यानं हात आवरता घेतला. साहेबांनी कॉम्प्रेसर हलका केला आणि आपल्या चार ओळी पूर्वीसारख्या हळू वाजवल्या. दादा त्यांच्या बोटांकडे बघत नव्हता. डोळे मिटून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या कपाळावर आठी पडली.

“थांब. तिसऱ्या ओळीत तो सूर असाच आहे?”

“असाच आहे.”

“सहा वर्षं असाच वाजवतोयस?”

बाई खाली बघून कागद चाळू लागल्या. कवळीवाल्यानं ड्रमचा नसलेला स्क्रू आवळायला घेतला. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“तुम्हा दोघांना माहीत होतं?” त्यांनी विचारलं.