पाटीवाल्यांचे चाळीस दिवस

टायपिस्टबाईंचा नवरा गेला तेव्हा गल्लीला चघळायला दोन विषय मिळाले. एक, इतक्या घुम्या माणसाबरोबर बाईंनी तीस वर्षं काढली कशी. आणि दुसरा, तो रोज दुपारी संगणकावर लिहायचा तरी काय. त्याला सगळे पाटीवाले म्हणत. फाईल एकच, पान एकच. शाळेच्या पाटीसारखं कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. बाईंनी डोकावलं की म्हणे, "उद्या पुसणारच आहे, कशाला डोळे शिणवतेस?"

तो गेल्यावर बाईंनी टायपिंगच्या जोडीला कागदपत्रं स्कॅन करून द्यायचं काम धरलं. सातव्या महिन्यात एका सकाळी पडद्यावर सूचना आली: बॅकअपची डिस्क भरली. संगणकाला जोडलेली ही डबी धाकट्या दिरानं दिलेली. रोज संध्याकाळी ती संगणकाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवसाची हुबेहूब प्रत, ठेवून घ्यायची. जागा मात्र त्या दिवशी नव्यानं आलेल्या गोष्टींनाच लागायची.

बाई आवरायला बसल्या की मागचापुढचा विचार नाही. सगळ्यांत जुने चाळीस दिवस निवडले आणि पुसून टाकले. जागा सुटली नखाएवढी. मग यात होतं तरी काय, म्हणून त्यांनी उरलेल्यांतला सर्वांत जुना दिवस उघडला.

आत पाटीवाल्यांचं पान. पुसलेलं नव्हे, लिहिलेलं.

"काल लिहिलं ते पुसलं. आता धीर करून हिला तोंडीच सांगेन."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यानं तोंडी कधीच काही सांगितलं नव्हतं. आणि 'काल' त्यांनी आत्ताच, चहा निवायच्या आत, स्वतःच्या हातानं पुसला होता. त्यांनी पुढचे दिवस भराभर उघडले. पंखा कुरकुरतो. हिचा चष्मा सैल झालाय. ती गोष्ट पुन्हा कुठेच नाही.

त्यांनी दिराला बोलावलं.

"भावजी, पुसलेला दिवस परत येतो का?"

"नाही हो, वहिनी. आणि मला न विचारता जुने कशाला पुसलेत? त्यात दादाचा पानभर मजकूर. त्यानं काय जागा सुटणार? डिस्क तुमच्या स्कॅननी भरलीय."

"ते तर मी गिऱ्हाइकाला दिले की लगेच काढून टाकते."

"संगणकावरून काढता. रोजच्या प्रतीत राहतातच ना. दादा गेल्यानंतरचे दिवस काढा, अर्धी डिस्क मोकळी होईल."

"म्हणजे माझे दिवस."

"तुमचे कसले, वहिनी? गिऱ्हाइकांचे."

त्या सात महिन्यांत त्याच्या पाटीला, म्हणजे त्या फाईलीला, कुणी हात लावला नव्हता. प्रत्येक प्रतीत तेच शेवटचं पान तसंच बसलेलं. तो असतानाच्या शेवटच्या दिवसात ते पान आहे, हे त्यांनी दोनदा उघडून पाहिलं. मग एकटीचे सगळे दिवस एका दमात काढून टाकले. डिस्क हलकी झाली.

आता दुपारी बाई त्याच खुर्चीत बसतात. गल्ली म्हणते, बाई यंत्राशी बोलतात. बोलत नाहीत, लिहितात. कालचं पुसतात आणि आजचं लिहितात, रोज तेच: "त्या दिवशी काय लिहिलं होतं?" संध्याकाळी डिस्कचा दिवा लुकलुकतो, आणि प्रश्न आत जाऊन त्याच्या पानांशेजारी बसतो.