लाल ठिपक्याचा डेक

रशीदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीने, शबानाने, फोनवर कळवलं. मी धुळ्यात होतो. दोन वाक्यांत बातमी संपली. तिसरं वाक्य होतं, "काका, अब्बांनी तुमच्या नावाचं एक पाकीट ठेवलंय." ते आणायला गेल्या आठवड्यात जळगावला, मेहरूण भागातल्या त्यांच्या घरी गेलो.

ओळख तीनच वर्षांची. माझ्या दिवंगत आईच्या आवाजाची एकमेव कॅसेट घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये गुंडाळली गेली. फीत वाचली, पण पुन्हा तो धोका नको होता. चांगला कॅसेट डेक हवा होता, आणि जुने डेक पारखणारा माणूस म्हणून रशीदभाईंचं नाव कळलं. दुकान बंद केल्यावर ते घरीच दुरुस्ती करत. त्यांच्याकडे तीन डेक होते. चंदेरी, नाचत्या काट्यांचा मला आवडला. "साहेब, नवरी बघायला आलात काय?" म्हणत त्यांनी माझं नख त्याच्या हेडवरून, फीत जिथे घासत जाते तिथून, फिरवलं. खाच लागली. "घासलंय. आवाज दबका येणार." दोन कॅसेटींचा डेकही त्यांनी बाजूला सारला. उरला एका कॅसेटचा, काळा, ओबडधोबड. त्यात त्यांनी स्वतःची कॅसेट घातली. तिच्यात पेटीचा एकच लांबलचक सूर होता, दुसरं काही नाही. पाच मिनिटं तो सूर जरासुद्धा थरथरला नाही. "हा घ्या. हा खोटं बोलत नाही."

मग आईची कॅसेट लावली. "बठ्ठा जेवनात का?" सगळे जेवलात का, हे विचारणारे अहिराणी शब्द तिचेच, पण आवाज बारीक, घाईचा, एखाद्या पोरीसारखा... मी म्हणालो, डेक बिघडलाय.

"डेक बरोबर आहे. रेकॉर्ड करताना तुमच्या टेपचे सेल उतरले होते. तेव्हा मशीन हळू फिरलं, म्हणून आता अम्मी पळतेय."

आईचा आवाज परत हवा, तर बरोबर चालणारा डेक मुद्दाम चुकीच्या वेगाने चालवावा लागणार होता. रशीदभाईंनी डेकचं झाकण काढलं. मग मोटरचा वेग ठरवणारा स्क्रू फिरवू लागले.

"अशा बोलायच्या?"

"नाही. अजून संथ."

"आता?"

"थोडं जास्त झालं."

"मी त्यांना ऐकलेलं नाही, साहेब. माप तुमच्याकडेच आहे."

बऱ्याच वेळाने मी "हीच" म्हणालो. पूर्ण खात्री होती, असं आजही सांगता येणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन स्क्रू जागच्या जागी पक्का केला.

पाकिटात डेकचा रबरी पट्टा निघाला, जुना सैल पडला की बदलायचा. आता तो दुसऱ्याच कुणाकडून बसवून घ्यावा लागेल. हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण सोबत एक चिठ्ठी आहे. अक्षर शबानाचं, सांगणं त्यांचं:

"मेकॅनिकसाठी. वेग चुकीचा आहे. तसाच ठेवणे."