लोकरीचा चेंडू

भीमरावाच्या मुलाचा, श्रीनिवासचा, फोन आला तेव्हा मी पुण्यात जेवायला बसलो होतो. "बाबा गेले, मामा," एवढंच तो म्हणाला. घास हातातच राहिला... आणि डोळ्यांपुढे आलं ते पन्नासच्या दशकातलं कुंभकोणमचं मैदान. तिथे एका संध्याकाळी मी भीमरावावर फार चिडलो होतो.

आमच्याकडे तेव्हा बॉल बॅडमिंटनचं वेड होतं. एका बाजूला पाच जण, लाकडी रॅकेट आणि पिवळा लोकरीचा चेंडू. तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून तिकडे राहिलेल्या आमच्या मराठी गल्लीच्या संघात जेमतेम पाच डोकी. एकाला ताप आला की स्पर्धा संपली. भीमराव आमचा कप्तान. करंडक एकदा तरी गल्लीत यावा, ह्यापलीकडे त्याला दुसरं स्वप्न नव्हतं. त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर तिरुनीलक्कुडीचा संघ. त्यांच्याकडे भाताची कापणी चालू, म्हणून तेही मोजून पाचच आलेले.

शेवटचा गेम बरोबरीत होता. तेवढ्यात जवळच्या इन्नंबूर गावाहून एक जण सायकलवरून आला आणि त्यांच्या वैद्यनाथनला म्हणाला, भावकीतले दूरचे एक चुलते वारले. वैद्यनाथनने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, पण सुतक ते सुतक. कानावर पडलं की लागलं. त्याने रॅकेट खाली ठेवली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पंच म्हणाले, चौघांना खेळता येणार नाही, करंडक मराठी गल्लीचा.

मी आनंदाने टाळीसाठी हात पुढे केला, पण भीमराव पंचांकडे निघाला होता. "तो खेळूं दे. आंघोळ मागाहून करील."

बाकावरून भीमरावाचे काका कडाडले. सेतुरामकाका म्हणजे उठल्याबसल्या न्हाणारा माणूस. "सुतक्यानं मारलेला चेंडू तूं घेशील?"

"चेंडू लोकरीचा आहे, काका. लोकरीस सुतक कोठलं? तुम्हींच सोवळ्यास लोकरीची धाबळी नेसून पूजा करतां कीं."

पंचांनी मान डोलावली. मी भीमरावाच्या कानाशी लागलो, "हातीं आलेला करंडक घालवतोस?"

"कोणी मेला म्हणून मिळाला, तो घेऊन घरीं कसा जाऊं..."

वैद्यनाथन आपल्याच साथीदारांपासून अंग चोरून खेळत होता, तरी खेळला तो वाघासारखा. शेवटचा चेंडू त्यानेच मारला. भीमराव झेपावला, रॅकेटची कड लागली आणि चेंडू जाळ्यात गेला. आम्ही हरलो. करंडक पुढेही कधी गल्लीत आला नाही. त्याचा राग, खरं सांगायचं तर, अजूनही थोडा आहे. निघताना वैद्यनाथनने तो चेंडू हातात न देता लांबूनच भीमरावाकडे टाकला. हा तुमच्याकडे राहू दे, असं तमिळमध्ये म्हणाला आणि नदीवर आंघोळीला गेला.

मी कुंभकोणमला पोचलो तेव्हा भीमरावाच्या घरचं सुतक फिटलं नव्हतं. श्रीनिवास लांब उभा राहिला. पोराला जवळ घ्यावंसं फार वाटलं, पण शिवता येत नव्हतं. तो आत गेला आणि मूठ मिटून बाहेर आला.

"बाबांनीं तुम्हांस द्यायास सांगटलं. धरा मामा, लोकरीचा आहे."

मी झेलला. रंग उडालेला, धागे सुटलेले... आणि मग मला रडू आवरेना.

मुक्कामी येऊन मी रीतीप्रमाणे आंघोळ केली. चेंडू मात्र तसाच पुण्याला आणला. देवघरातल्या फळीवर, माझ्या धाबळीच्या घडीवर ठेवला आहे.