विहीणबाईंच्या म्युझियममध्ये पांढरी साडी

मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटवर मी लेकीला म्हटलं, "इथूनच गाडी वळव, परत जाऊ."

"आई, गप बस गं," ती म्हणाली.

मांडीवरच्या पिशवीत माझ्या लग्नातली पांढरी साडी होती. आम्ही लंडनला निघालो होतो, ती लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंना दाखवायला. माझं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. आम्हा आंबेडकरी बौद्धांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. लेकीनं हीच साडी नेसावी, एवढीच माझी इच्छा. मुलाकडचे व्हिएतनामी, तेही बौद्धच. मग अडचण कसली, असं स्वतःला सारखी बजावत होते.

विहीणबाईंनी एका कम्युनिटी हॉलच्या वर त्यांच्याकडच्या पारंपरिक कपड्यांचं म्युझियम थाटलंय. जिकडेतिकडे काचेमागे आओ याय. लांब, बाजूंनी कमरेपर्यंत चिरलेला अंगरखा आणि खाली सैल पायजमा. शाळकरी मुलींचा पांढराशुभ्र पाहून मला जरा धीर आला. पुढे लग्नाचा होता तो लालभडक, सोनेरी पक्ष्यांचा. त्या कौतुकानं सांगत होत्या, मी "हो का, वा" करत पिशवीचे बंद पिळत होते. शेवटी राहवेना. त्यांचं वाक्य अर्धं तोडून मी टेबलावर साडी उलगडली.

त्यांनी साडीकडे पाहिलं. मग इंग्रजीत हळूच विचारलं, "तुमच्या लग्नाच्या वेळी घरात कोणी गेलं होतं का?"

माझं डोकंच फिरलं. "कोणी गेलं नव्हतं! पांढरं म्हणजे विधवेचं, हे गावानं आम्हालाही ऐकवलंय. आम्ही तेच नेसून लग्नं केली. कुणाच्या बापाला भ्यालो नाही!" म्हटलं आणि जीभ चावली. आधीच सोयरीक नवी, त्यात मी कंबर कसून उभी.

त्या चिडल्या नाहीत. मला शेवटच्या कपाटाकडे घेऊन गेल्या. आत जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचा झगा आणि डोक्याला बांधायची पट्टी.

"आई गेली तेव्हा मी हा घातला होता. मुलाच्या शेजारी पांढरं बघून मला तोच दिवस आठवणार. मी काय करू, सांगा."

मी टेबलाशी परत येऊन साडीची घडी घालायला घेतली. फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

लेकीनं माझा हात धरला. "आई, थांब. मी हीच नेसणार." मग सासूबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला तुमची आई आठवली तर आठवू दे. मी तिथेच असेन ना, तुमच्याजवळ."

विहीणबाईंनी साडीच्या पदरावरून हात फिरवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण मी रडले, तर का रडले ते कुणाला सांगायचं नाही."

"अहो, मुलीची आई मी," मी म्हटलं. "त्या दिवशी मीच एवढी रडणार आहे, तुमच्याकडे बघतंय कोण?"