कर्णधाराच्या हातातले तबक

माझ्या मुलीला व्यासपीठावर बोलावले ते तबक धरण्यासाठी.

तबकात शाल होती, श्रीफळ होते आणि महाविद्यालयाच्या ‘सर्वोत्तम खेळाडू-विद्यार्थी’ या सन्मानाची ढाल होती. ढाल दिली गेली संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला. तो मुलांच्या फुटबॉल संघातला राखीव खेळाडू. मैदानात उतरताना मी त्याला कधी पाहिले नाही. माझी मुलगी मुलींच्या संघाची कर्णधार. गोलरक्षक. विद्यापीठाच्या संघात निवडली गेलेली या महाविद्यालयातली पहिली मुलगी, आणि भौतिकशास्त्रात वर्गात पहिली. सन्मानाला अटी दोनच आहेत: खेळ आणि गुण. नियम मी वाचला आहे. बुऱ्हाणपूरच्या न्यायालयात लिपिक म्हणून माझे आयुष्य गेले. वाचल्याशिवाय मी बोलत नाही.

आदल्या संध्याकाळी महाविद्यालयातून निरोप आला होता, की तिने साडी नेसून यावे. आम्ही त्याचा अर्थ सन्मान असा घेतला. आमच्या घरातले कुणी कधी व्यासपीठावर गेलेच नव्हते; तबक धरणाऱ्या मुलींना साडी नेसवतात, ही रीत आम्हाला कुठून ठाऊक असणार? तिच्या आईने स्वतःची ठेवणीतली साडी काढली. फोपनारहून माझे थोरले भाऊ आले. ज्या अध्यक्षांच्या केळीच्या बागेत आमच्या वडिलांनी जन्मभर डोक्यावर घड वाहिले, त्यांच्याच हातून आपल्या पुतणीला शाल मिळणार, हे पाहायला आले.

मी उभा राहिलो. सभागृहाला ऐकू जाईल असे म्हणालो, “तबक खाली ठेव.”

तिने माझ्याकडे पाहिले. ठेवले नाही. शेवटपर्यंत धरले.

प्राचार्य खाली उतरून माझ्यापाशी आले. आवाज चढवला नाही. हसतच म्हणाले, “बाबूजी, बैठ जाइए. सगळं तुम्हालाच कसं द्यायचं? तुमच्या लोकांना शासन देतंच आहे की.” पुढच्या रांगेत कुणी तरी हसले. माझे भाऊ मान खाली घालून बाहेर निघून गेले.

घरी मी तिला विचारले, का ठेवले नाहीस. ती साडीची घडी घालत होती.

“बाबा, प्रॅक्टिकल के नंबर उन्हीं के हाथ में हैं. तुम्ही उठून घरी येऊ शकता. मला सोमवारी परत तिथंच जायचंय.”



मग मी लिहिले. प्राचार्यांना, संस्थेला, विद्यापीठाला, आयोगाला. नियम, दोघांचे गुण, दोघांचे सामने. प्रत्येक पत्राखाली ‘आपला विनम्र’. बहुतेकांनी पोचही दिली नाही. उत्तर आले ते एकट्या संस्थेचे. सदर विद्यार्थिनी समारंभात अखेरपर्यंत उपस्थित होती, तिने स्वहस्ते तबक पुढे केले, सबब निर्णयास तिची संमती होती असे संस्था मानते.

संमती.

माझे वडील डोक्यावर घड घेत, तेव्हा त्यांचीही संमतीच धरली गेली असणार. ज्याला नकार परवडत नाही, त्याच्या गप्प राहण्याला हे लोक संमती म्हणतात. आणि मी त्यांनाच विनम्र होऊन न्याय मागत होतो.

सन्मानाबरोबर विद्यापीठाकडे जाणारी खेळाडू-शिष्यवृत्तीची शिफारस अध्यक्षांच्या पुतण्याच्या नावे गेली. मुलीने गोलरक्षकाचे हातमोजे संघातल्या देडतलाईच्या एका मुलीला देऊन टाकले. पुन्हा खेळणार नाही म्हणाली. मी समजूत घातली नाही. कशाच्या जोरावर घालणार होतो?

प्रॅक्टिकलचा निकाल लागला. ती पहिलीच आली. त्या दिवशी तिने वकालतनाम्यावर सही केली. याचिका जबलपूरला, उच्च न्यायालयात जाईल. वकिलांनी आधीच सांगून टाकले आहे: तारखा पडत राहतील, ढाल परत येणार नाही, मैदानावरची वर्षे तर नाहीच नाही. मला हे सांगायची गरज नव्हती. तारखा पडताना पाहतच मी म्हातारा झालो.

तरीही खटला होईल. अध्यक्ष आणि प्राचार्य, दोघेही नावानिशी प्रतिवादी. माझ्या मुलीने आपला अपमान राजीखुशीने करून घेतला, हे त्यांना आता शपथेवर सांगावे लागेल. सांगावे त्यांनी. तडजोडीचा निरोप येईल. तो आम्ही घेणार नाही. मी मध्येच गेलो तर खटला ती चालवील. हे तिनेच मला सांगितले आहे.