तुटण्यासाठी केलेली पिन

लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टूलचं पातं मधल्या रेषेच्या खाली लागलं की एक ठरावीक कुरकुर ऐकू येते. एकदा ती कानात बसली की जात नाही. मिल्टन कीन्सच्या घरात एका सकाळी भांडी घासताना मला ती कुंपणापलीकडून ऐकू आली. हातातली कढई तशीच सिंकमध्ये टाकून मी साबणाच्या हातांनी बाहेर गेले. शेजारच्या गॅरेजचं दार उघडं होतं.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये काम केलेली बाई. लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडला आले. येताना बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि माझा स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर आणला होता. मसाला संपला, मेतकूट संपलं, व्हर्निअर कपाटात कपड्यांखाली पडून राहिला. साउथहॅम्प्टनला असताना बोटींचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपनं मला दुसऱ्या इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. तो होण्याआधीच नवऱ्याचं प्रोजेक्ट मिल्टन कीन्सला हललं. इथे आल्यावर पुन्हा अर्ज केले आणि दर वेळी एकच ऐकलं, यूके एक्स्पीरियन्स नाही. मला फक्त परत मशीनसमोर उभं राहायचं होतं. हे कुणाला सांगितलं की मंडळी म्हणत, ‘अगं, टीचिंग असिस्टंटचा कोर्स कर ना, शाळेच्या सुट्ट्या मिळतात.’ आम्हाला अजून मूल नव्हतं, पण त्याच्या सुट्ट्यांची सोय लोकांनी आधीच लावून ठेवली होती.

गॅरेजमध्ये शेजारचे गृहस्थ एका छोट्या लेथवर वाकले होते. उंच, रिटायर झालेले, एकटे राहणारे. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे. त्यांचे हात थरथरत होते आणि लेथवर लावलेला तुकडा पार खराब झाला होता. बाजूच्या बाकावर एक जुनं, काळं, लोखंडी प्रेस बसवलेलं होतं. ते कशाचं आहे ते त्यांनी समजावून सांगितलं. आजोबा टार्गेट शूटिंग करायचे. त्यांची रायफल इतकी जुनी की तिची काडतुसं दुकानात मिळतच नाहीत. मग झाडलेल्या काडतुसाची पितळी केस जपून ठेवायची, या प्रेसमध्ये दाबून तिला मूळ आकारात आणायची आणि पुन्हा भरायची. प्रेसचा दांडा आणि आतला दट्ट्या यांना जोडणारी एक लिंक होती, आणि त्या लिंकमधली बोटाएवढी पिन तुटली होती. प्रेस बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. आजोबांनी जुन्या सामानाच्या जत्रा पालथ्या घातल्या होत्या, इंटरनेटवर शोधलं होतं, ओळखीच्या म्हाताऱ्यांना विचारलं होतं. पिन कुठेही मिळेना, म्हणून ते ती स्वतःच लेथवर करायला बसले होते.

“नवीन प्रेस का घेत नाही?” मी विचारलं.

“याचा दांडा माझ्या हाताला कळतो,” ते म्हणाले. “नव्याशी ओळख करून घ्यायचं वय राहिलं नाही, लव्ह.”

हे ‘लव्ह’ इथे बसच्या ड्रायव्हरपासून सगळेच म्हणतात, पण सवय व्हायला मला वेळ लागला. “मी करू का?” असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. ते फक्त बाजूला सरकले. मी टूलखाली पत्र्याची पट्टी घालून उंची बरोबर केली, स्पीड बदलला आणि कट घेतला. पोलादाची निळसर चकली सलग निघत आली आणि माझे डोळे भरले. त्यांनी पाहिलं असावं, कारण ते चहाचं निमित्त काढून घरात गेले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो घाबराघुबरा.

“अगं, व्हिसावर आहोत आपण. बंदुकीच्या भानगडीत कशाला पडतेस? आजकाल आपल्यासारख्यांकडे लोक कसे बघतात, माहितीये ना?”

“बंदूक त्यांच्या कुलपात आहे, लायसन्सवर. मी एक पिन करतेय.”

“पिन कशाची, ते कुणी विचारलं तर?”

त्याचंही चूक नव्हतं. लंडनच्या ट्रेनमधल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या त्या वर्षांत आपल्यासारख्याच्या पाठीवर सॅक असली तरी ट्रेनमध्ये शेजारचा माणूस अस्वस्थ व्हायचा. पण मी व्हर्निअर कपड्यांखालून काढून तेल लावून ठेवला होता, आणि आता तो परत आत जाणार नव्हता.

भोसरीत ड्रॉइंग घेऊन येणारं गिऱ्हाईक कमी आणि फडक्यात गुंडाळलेला मोडका भाग घेऊन येणारं जास्त. तो भाग टेबलावर ठेवून प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, “मॅडम, आता पुन्हा तुटायला नको.” आम्ही तुटला त्यापेक्षा दणकट करून द्यायचो. मशीन बंद म्हणजे रोजी बंद, तिथे दुसरा विचार कुणाला सुचणार? मी आजोबांची पिन तशीच केली. चांगलं सिल्व्हर स्टील, म्हणजे तापवून कडक करता येणारं पोलाद, मागवायला लावलं, तुटलेल्या तुकड्यांवर आणि भोकांवर मापं घेतली, पिन लेथवर कातली, गॅसच्या ज्योतीवर लालबुंद तापवून कडक व्हायला पाण्यात बुडवली. कानस फिरवली तर नुसती घसरत होती.

“पहिली एवढी कडक नव्हती,” आजोबा म्हणाले.

“म्हणून तर तुटली,” मी ऐटीत म्हणाले.

त्यांनी पिन बसवली. पंधरवडाभर सगळं झकास चाललं. मग एक दिवस ते स्वतः आमच्या दारात आले आणि मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. एक केस प्रेसच्या साच्यात अडकली होती, त्यांनी दांडा जोरानं ओढला होता. पिनला ओरखडासुद्धा नव्हता. लिंक मात्र, ती बिडाची मूळ लिंक, मधोमध तडकली होती.

मला लगेच कळलं आणि कानशिलं तापली. आजोबा रागावले नाहीत, ते त्याहून वाईट होतं. ते सावकाश म्हणाले, “जोर जास्त झाला की पिननं जायचं, असं त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात कुणीतरी ठरवलं होतं. पिन जाते म्हणून बाकीचं टिकतं.” तुटलेल्या पिनची मापं मी याच हातांनी घेतली होती. तिचा मऊपणा मला दोष वाटला होता, आणि तो तर तिचा उपयोग होता.

लिंक मी नव्यानं केली. बिडाची नाही, पोलादी पट्टीतून. करवतीनं कापली, ड्रिल केली आणि मग कानस. ट्रेनिंगला असताना महिनोन्‌महिने नुसती कानस चालवायला लावायचे तेव्हा मी सरांना मनात शिव्या दिल्या होत्या. आता दंड भरून यायचे, बोटांना काळे घट्टे पडले, आणि मी रात्री गाढ झोपायला लागले. आजोबा स्टुलावर बसून बघायचे, क्वचित भोकाच्या जागेबद्दल बोलायचे. लिंक बसली, दांडा खाली आला आणि त्यांनी डोळे मिटून दोन-तीनदा वरखाली करून पाहिलं. “हाच,” ते म्हणाले. त्यानंतर मी साध्या, मऊ पोलादाच्या मूठभर पिना करून त्यांच्यासाठी डब्यात टाकल्या. एक माझ्या खिशात राहिली.

त्यांच्या शूटिंग क्लबातला एक जण जवळच ब्लेचलीत छोटं वर्कशॉप चालवायचा. आजोबांनी त्याला ती लिंक दाखवली. त्यानं यूके एक्स्पीरियन्सबद्दल चकार शब्द काढला नाही. लिंकच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “सोमवारपासून ट्रायलला या.”

मी ती बातमी घेऊन नवऱ्याची वाट बघत बसले. तो आला तोच खुशीत होता.

“लीड्स!” तो म्हणाला. “मोठ्या हॉस्पिटलचं प्रोजेक्ट आहे. पुढच्या महिन्यात शिफ्ट व्हायचं. लीड्सला आपली माणसंही भरपूर आहेत, तुला बरं वाटेल.”

मी त्याला सोमवारचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण तो मनापासून म्हणाला, “अगं, मस्तच की! म्हणजे लीड्सलाही मिळेल ना तुला. आता यू नो, रेफरन्स आहे तुझ्याकडे.”

साउथहॅम्प्टन सोडतानाही तो असंच बोलला होता, इतक्याच प्रेमानं. त्या वेळी मी खोकी भरायला घेतली होती. या वेळी मी खिशातली पिन काढून टेबलावर ठेवली.

“हे काय?” त्यानं उचलून विचारलं.

मी सगळं सांगितलं. कडक पिन, तडकलेली लिंक, मऊ पिना. तो इंजिनिअर आहे, त्याला समजायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, “हो, करेक्ट डिझाइन आहे. वीक लिंक मुद्दाम ठेवतात.”

“पण कुणीतरी बसून ठरवतं ना, कुठला भाग जायचा ते?”

“अर्थात.”

“मग आपल्या घरात हे कधी ठरलं? मला आठवत नाही. तुला आठवतंय?”

तो पिन बोटांत फिरवत बसला. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण मी रडले नाही. मला भूक लागली होती. मी उठून कुकर लावला.

शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, तरी तो तिथेच बसलेला. मी ताटं घेतली तेव्हा त्यानं पिन माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, “मला लीड्सला एका माणसापुरती खोली मिळेल ना? सोमवार ते शुक्रवार?”