पांढऱ्या वजिराचं चुकलेलं घर

तमाम रसिक वाचकांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, नाशिकरोडच्या एका चाळीतल्या दोन खोल्यांच्या घरात, ऐन हिवाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, एका गाजलेल्या हल्ल्याचे आकस्मिक निधन झाले. हल्ला काळ्या राजावरचा होता. त्या वेळी घरात चार माणसं हजर होती : अण्णा, म्हणजे माझे वडील, आई, सिन्नरहून शिकायला आलेली माझी आतेबहीण शकू, आणि अकरा वर्षांची मी. चौघांपैकी तिघांचे हात स्वच्छ होते.

त्या घरातला रविवार उन्हाच्या एका चौकोनातून उगवायचा. विहारातली वंदना आटोपून आम्ही परतलो की कपड्यांना मेणबत्त्यांचा, उदबत्तीचा आणि स्वेटरमधल्या डांबरगोळ्यांचा वास असायचा, शहाबादी फरशी तळव्यांना डसायची, आणि पूर्वेच्या खिडकीतून आलेलं ऊन सतरंजीच्या मधोमध पसरलेलं असायचं — अण्णा बरोब्बर त्या उन्हात बुद्धिबळाचा पट मांडायचे. ऊन सरकलं की पटही सरकवायचा, एकही मोहरा न हलवता, श्वास रोखून. मोहरे लाकडी, रोगणाचा मंद वास असलेले. काळ्या हत्तींपैकी एक कधीच गहाळ झालेला, त्याच्या जागी आईच्या शिवणयंत्राचं रिकामं रीळ उभं असायचं, आणि खरं सांगते, त्या रिळाइतका शूर हत्ती मी पुढे कुठेच पाहिला नाही.

अण्णा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. लग्नाआधी, वाचनालयात संध्याकाळच्या संध्याकाळ बसून, जुन्या परदेशी खेळाडूंचे गाजलेले डाव त्यांनी एका दोनशेपानी वहीत उतरवून घेतले होते — पेन्सिलीने, कारण त्या खोलीत शाईला मनाई होती. दर रविवारी त्यातला एक डाव आमच्यासमोर उलगडायचा. पानावर एक जुनं आंतरदेशीय पत्र आडवं ठेवायचं, एकेक ओळ खाली सरकवायचं, आणि त्याखाली झाकलेली चाल आम्ही ओळखायची. "आता पुढं?" असं विचारून अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे. जिचं उत्तर बरोबर, तिच्या ओच्यात त्या चालीत मेलेला मोहरा, दिवेलागणीपर्यंत. आणि उत्तर फारच देखणं असलं तर अण्णा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. बोलायचे काही नाहीत… फक्त पुसायचे. दोन वर्षांत तो चष्मा माझ्यासाठी एकदा पुसला गेला होता. एकदाच! पण घरात दुसरं खेळणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते 'एकदा' मला मुकुटासारखं मिरवता येत होतं.

मग पाचवीसाठी शकू आली. सिन्नरला आत्या विड्या वळायची, त्यामुळे शकूच्या दोन्ही फ्रॉकना, केसांना, दप्तरालासुद्धा तंबाखूचा आणि सुकलेल्या पानांचा उग्र, गोडसर वास होता. प्यादं कसं चालतं ते तिला मीच शिकवलं, हे इथे नमूद करून ठेवते. तिसऱ्या रविवारी तिने मला हरवलं, हे नमूद करण्याचं काही कारण नाही. एका महिन्यात अण्णांनी तिच्यासाठी चारदा चष्मा पुसला. मी मोजत होते. तिच्या भाकरीवरची तुपाची धारही मी मोजत होते. तिची वेणी जाड होती, तेही मला चालत नव्हतं. अण्णा मला 'बेबे' म्हणायचे आणि तिला 'शकूबाई' — बाई! दहा वर्षांच्या मुलीला! मत्सराला वास असतो, वाचकहो. माझ्या मत्सराला विडीच्या तंबाखूचा वास होता. आजही एखाद्या टपरीवरून जाताना तो नाकात शिरला की मी नकळत मोजायला लागते.

इतकं बरोबर कोणाचंच येत नाही, याबद्दल माझी खात्री होती. कारण माझं जेव्हा जेव्हा बरोबर आलं होतं, तेव्हा तेव्हा मी आदल्या दिवशी वही उघडून पाहिलेली होती. शकू आणखी काय वेगळं करत असणार?

तेव्हा एका शनिवारी दुपारी, अण्णा शाळेत, आई नळावर आणि शकू रॉकेलच्या रांगेत असताना, मी ट्रंकेवरून वही खाली काढली. पत्राची खूण घातलेल्या पानावरचा उद्याचा डाव साधा नव्हता. तो अण्णांनी लग्नाआधी एकदाच पटावर मांडला होता आणि 'पोरं समजती झाली की दाखवू' म्हणून राखून ठेवला होता. पानाच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सावकाश पाहावे.' मी सावकाश पाहिलं. काळा राजा आपल्या कोपऱ्यात तीन प्याद्यांच्या भिंतीआड निवांत बसलेला, आणि पांढरा आपला उंट त्या भिंतीवर बेधडक फेकून देतो, मागून घोडा उडी घेतो, आणि घोडा हलल्याने मोकळ्या झालेल्या तिरप्या वाटेने वजीर थेट कडेच्या पट्टीत येऊन उभा राहतो… संपलं. राजाला पळायला जागा आहे, पण वाचायला नाही. अंगावर काटा आला. मग मी खोडरबर काढलं.

अण्णांच्या वहीत ती शेवटची चाल 'व – ह५' अशी होती : वजीर, हत्तीच्या पट्टीतलं पाचवं घर. मी 'ह५' घासून घासून पुसलं आणि तिथे 'व३' लिहिलं. म्हणजे वजीर आपल्याच पट्टीत सरळ वर, तिसऱ्या घरात. अण्णांचं अक्षर मला हुबेहूब जमायचं. माझ्या प्रगतिपुस्तकावरच्या सगळ्याच सह्या काही त्यांच्या नव्हत्या. शकूने वही चोरून वाचली असेल तर ती ही खोटी चाल बोलेल आणि मी तिला उघडं पाडेन. डोक्याने खरी चाल बोलली, तर वहीच तिला चूक ठरवेल. दोन्हीकडून शह!

रविवारी अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. डाव सुरू झाला, ऊन सरकलं, पट सरकला, आणि आम्ही त्या भिंतीपाशी आलो.

"आता पुढं?"

शकूने हनुवटी गुडघ्यांवर टेकवली.

"मामा, ह्या उंटाला मरू द्यायचंय मला."

"अगं, का?"

"त्यो राजाच्या दारातलं कडंचं प्यादं मारून शह देईल. राजा त्याला मारील. मग घोड्याचा शह. राजा परत घरात पळंल." तिने बोट तिरपं सरकवत नेलं आणि कडेच्या रिकाम्या घरावर ठेवलं. "मग वजीर हितं. मग त्याला लपायला जागाच नाय."

पत्र सरकत गेलं : उंट बरोबर, राजा बरोबर, घोडा बरोबर. अण्णांनी चष्मा काढला. पुसला. सावकाश, दोन्ही काचा. मग तो परत डोळ्यांवर चढवून शेवटची ओळ उघडी केली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"नाही, शकूबाई. चुकलं. वजीर सरळ जातो. तिसऱ्या घरात."

"पण मामा, तिथनं मारायला गेला तर राजाम्होरचं प्यादं येक घर सरकतंय की. वाट बंद."

"वहीत आहे ते आहे. केवढ्या मोठ्या माणसाचा डाव आहे हा."

अण्णांनी वजीर तिसऱ्या घरात ठेवला. मग, थोडं थांबून, स्वतःच काळ्याचं ते प्यादं एक घर पुढे सरकवलं. दार लागलं. त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, पट फिरवून काळ्याच्या बाजूने पाहिलं. पांढऱ्याचा उंट गेलेला, घोडा लोंबकळलेला, वजीर बंद दारापुढे उभा.

"झाली का तुमची मारामारी? पोहे निवतायत," आई आतून म्हणाली.

शकूने ओच्यातले मोहरे एकेक करून सतरंजीवर ठेवले. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं… पण ती अजून त्या कडेच्या रिकाम्या घराकडेच बघत होती.

"इतकी वर्षं जपला हा डाव," अण्णा वहीकडे बघत हळूच म्हणाले, "आणि पोकळ निघाला. काय पाहिलं होतं मी ह्यात त्या वेळी, कोण जाणे." मग हसल्यासारखं करून, "जाऊ दे. पुढच्या रविवारपासून पत्ते खेळू."

आज अण्णा नाहीत. शकू सिन्नरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे, मुलींना खेळायला शिकवते आणि फोनवरून मला अजूनही हरवते — अजूनही मला ते सोसत नाही. मोहरे भाचवंडांनी विखरून टाकले. वही तेवढी माझ्याकडे आहे. ते पान उजेडात धरलं की एका जागी कागद इतका विरळ झालाय, की त्यातून पलीकडची खिडकी दिसते.

पण त्या सकाळी मला फक्त पट दिसत होता. काळा राजा भिंतीमागे जिवंत, ते कडेचं घर लख्ख उन्हात रिकामं, आणि अण्णांचा हात मोहरे उचलून डब्यात टाकायला निघालेला : पहिला पांढरा वजीरच. शकू जिंकली तर मला मरण होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तो वजीर डब्यात पडायच्या आत माझं मनगट अण्णांच्या मनगटावर आदळलं आणि मी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडले,

"पोकळ नाहीये, अण्णा, शकीचंच घर बरोबर आहे, मी रबर फिरवलंय त्याच्यावर!"